मामांची गिरणी आणि मालिकेतलं गाणं

तेर गावातल्या आमच्या गल्लीतले गिरणीवाले मामा "जाड का बारीक?" यापलीकडं बोलत नाहीत. माझ्या फोनची रिंगटोन म्हणजे मालिकेतलं एक उडत्या चालीचं गाणं. ते वाजलं की मामा चालती गिरणी बंद करतात. मला फोनवर ऐकू यावं म्हणून, असं मी समजत होते. परवा फोन झाल्यावर त्यांचे आभार मानले, तर तेच गोंधळले.

"तसं न्हाय, ताई. ह्याच गाण्यावर नाचता नाचता मालिकेतली म्हातारी गेली. गल्लीत कुणी गेलं की गिरणी बंद ठिवतोच की आपण."

"अहो मामा, ती खरी कुठं होती?"

"व्हय, खोटीच. पर रोज घरात यायची."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मामांनी खटका ओढला आणि पिठाळलेले हात जोडले. फोन माझ्या आईचा होता. उचलावा का नाही, मला कळेना.