विनेशच्या नावाची कडी

भागुबाई मुरूडजवळच्या एका कारखान्यात अकरा वर्षं कोळंबी सोलते. तिचा मुलगा विनेश सैन्यात होता, सात वर्षांपूर्वी बर्फाच्या कड्याखाली गेला. कारखान्याला त्याची आठवण झाली ती यंदा, नवे मॅनेजर हर्षद साहेब आल्यावर.

साहेबांनी पुण्यात ‘सतत सुधारणा’ नावाचं तीन दिवसांचं शिबिर केलं होतं. तेव्हापासून त्यांना कुठलीच गोष्ट आहे तशी बघवत नसे. विनेशचा स्मृतिदिन बारा फेब्रुवारीला, पण कामाचा आढावा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. साहेबांनी दोन्ही एकाच मंडपात उरकायचं ठरवलं. वर फलक लागला : ‘त्यांनी प्राण दिले, तुम्ही एक सूचना द्या.’

“मावशी, त्याची शिस्त सांगा,” साहेब म्हणाले. “मग आपण तासाला अर्धा किलो जास्त सोलण्यावर येऊ.”

“त्याचा कोळंबीशी काय संबंध?”

“प्रेरणा, मावशी.”

मालावरचा बर्फ वितळेल म्हणून दोन मिनिटांचं मौन एका मिनिटात आटोपलं. मग भागुबाईच्या हातात माईक आला.

“विनेशला शिस्त बिस्त काय नव्हती. पहाटे बोटीवर न्यायचा तर उठवायला बाप त्याच्या तोंडावर पाणी ओतायचा.” बायका हसल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. “वर बर्फातल्या चौकीवरून फोन करायचा. आई, बोटं बधिर होतात म्हणायचा. मी म्हणायचे, माझी पण होतात रे, इथं पण दिवसभर बर्फातच हात हाय.” तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला. “सूचना लिहून द्या म्हणता. मला लिवता येत न्हाय, तोंडी देते. बायकांच्या संडासाला तीन वर्षं कडी न्हाय. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरायचं.”

म्हणजे एकीच्या गरजेपायी दोघींचं काम थांबतं, हे साहेबांना तेव्हा प्रथमच कळलं. त्यांचा चेहरा उजळला.

बुधवारी कडी बसली. दारावर विनेशचा फोटो आणि खाली चकचकीत अक्षरं : ‘वीर विनेश स्मृती सुधारणा क्रमांक एक’. साहेबांनी दाराचं छायाचित्र मुख्य कचेरीत पाठवलं, तिकडून प्रशस्तिपत्रही आलं.

भागुबाईनं दार पाहिलं आणि सोलायची सुरी घेऊन आली. आधी फोटो जपून सोडवला. तरी एक कोपरा फाटलाच. फोटो तिनं पदरात बांधला आणि खालची अक्षरं खरवडायला लागली.

“कुनी बघंल गो,” सोबतची किशोरी म्हणाली.

“बघू दे.”

साहेबांनी बोलावून घेतलं. “मावशी, आम्ही मान दिला होता.”

“संडासावर?”

साहेब पाणी प्यायले. कंपनीच्या मालमत्तेची नासधूस केल्याचा मेमो निघाला, तो तिला वाचून दाखवला गेला. तिनं अंगठा उठवला आणि परत टेबलापाशी जाऊन बसली.

पुढच्या वर्षासाठी साहेबांनी हरिहरेश्वरकडचा एक शहीद शोधून ठेवलाय. चौकशी नीट केलीय. त्याच्या घरचं कुणी कारखान्यात कामाला नाही.