कडू घासाचं तेल

त्या संध्याकाळी मी अन् माझ्या बायकोनं तेलाचा डबा फोडून बाटल्या भरल्या. तीन गावच्या बायांनी मिळून घाण्याचं बिनभेसळ तेल आणायचं अन् आमच्या दुकानात विकायचं, हे तिनंच जुळवलेलं. त्याच तेलात भाजी करून ती माझ्याआधी जेवली, अन् छातीला हात लावून तिथंच गेली.

दारात बाया कुजबुजल्या, “त्या तेलानंच गेली गं.”

मला लई भ्या वाटलं. ही आवई पसरली तर तिचं सगळं मोडणार. अन् खरंच तेलानं गेली असंल तर?

सकाळी तिला पोचवून आलो. सुतकात घरची चूल बंद, म्हणून शेजारीण कडू घासाचं पिठलं घेऊन आली. “दाजी, दुसऱ्या तेलात केलंय, भिऊ नका.”

“आमच्या तेलात करून आन,” मी म्हणालो.

तिनं आणलं. मी दारातल्या बायांदेखत खाल्लं. ताट पुसून काढलं.