डायनासोरच्या पोटातली दुपार

विंझरला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात पानशेतच्या अलीकडे एका बागेत फायबरचा डायनासोर दुरुस्त करायला गेलो होतो. लांब मानेचा, पाला खाणारा, एसटीपेक्षा मोठा. वाऱ्यानं त्याची मान डुलायला लागली होती, म्हणून आतल्या लोखंडी सांगाड्याचे नट आवळायचे होते. बाग बंद होती. राखणदार जेवायला घरी गेलेला.

पोटाच्या बाजूच्या झडपेतून आत शिरलो. थोड्या वेळानं वाऱ्यानं झडप आपटली आणि बाहेरचा खटका बसला. मोबाईल बाहेर पिशवीत. लाथ मारायला पाय पसरावा तर तेवढी जागाही नव्हती. फायबर तापलेलं, श्वास घेतला की घशात कुसळं गेल्यासारखं व्हायचं. मानेच्या सांध्यातून बोटभर उजेड येत होता. तिथं तोंड लावून ओरडलो. मग पान्यानं सांगाड्यावर ठोकत राहिलो. आवाज माझ्याच कानात बसत होता.

बऱ्याच वेळानं शेळ्यांच्या घंट्या वाजल्या.

“आत कोन हाय?” बाईचा आवाज, वयस्कर.

“विंझरचा वेल्डर. झडपेचा खटका ओढा, मावशी.”

तिनं ओढून पाहिला. “सरकंना. थांब, आकडी घालते.” शेळ्यांसाठी फांद्या ओढायची तिची काठी असावी. लोखंड खरवडल्याचा आवाज सुरू झाला.

“ह्यो खायचा काय?” तिनं विचारलं. मला बोलतं ठेवायला, असं आता वाटतं.

डायनासोरसमोरच्या पाटीवर वाचलं होतं ते सांगितलं. झाडपाला, गवत. चावायचा नाही, ओरबाडून गिळायचा. ही जनावरं होती तेव्हा आपले डोंगर नव्हते. शेवटी शेवटी जमीन फाटून तापलेला रस वाहिला, त्याचाच हा काळा दगड झाला.

खरवडणं थांबलं. “मंग चरायला कुठं गेली असतील?”

चहूकडून रान पेटलंय आणि एवढ्या धुडाला हलायला वाट नाही, असं डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

“मावशी, उघडा आता.”

“उगडतेच हाय. दम धर.”

खटका तुटला. बाहेर येऊन गवतावर पालथा पडलो. तिनं बाटलीतलं पाणी माझ्या मानेवर ओतलं, मी उठून बसेपर्यंत थांबली, आणि शेळ्यांमागं गेली.

दुसऱ्या दिवशी उरलेले नट आवळायला जाताना बायकोला सोबत नेलं. झडप बिजागरीतून काढून बाजूला ठेवली, तरी आतून दर दोन मिनिटांनी विचारत होतो, “आहेस ना?”

“व्हय, हाय,” ती प्रत्येक वेळी म्हणायची.