छत्रीबाईंचा आवाज आणि माझा

७ फेब्रुवारी, बुधवार. बस अर्धा तास उशिरा निघाली. पुढची जागा मिळाली. खिडकी वन्संना दिली, नाहीतर सगळी सहलभर ऐकावे लागले असते. दुपारी पहिला किल्ला पाहिला. चढ बराच. गाइडबाईंचा घसा बसलेला आहे. मुक्कामाच्या ठिकाणी गरम पाणी होते, पण बादली गळकी.

रोज झोपण्याआधी अशी नोंद करायची मला शाळेपासूनची सवय. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, जे घडलं तेवढंच लिहा, वाटलं ते देवाला सांगा. त्यामुळे माझ्या डायऱ्यांत ऊन, पाणी, दूध आणि दुखणी सोडून काही सापडत नाही. यजमान होते तेव्हा एकदा चाळून म्हणाले होते, "यात बादलीला जागा आहे, मला नाही." गाइडबाईंच्या घशाचं वाक्यही मी त्या रात्री बादलीच्या बरोबरीनंच लिहिलं होतं. पुढे त्या घशात मी एवढी गुंतेन असं वाटलं असतं, तर घरीच बसले असते.

किल्ले आणि राजवाडे दाखवणारी ही सहल माझ्या नणंदेनं शोधून काढली. तिला मी वन्सं म्हणते, ती मला वहिनी. दोघीही एकट्या पडल्यापासून आम्ही एकमेकींशी भांडून दिवस बरे घालवतो.

गाइडबाईंना सगळी बस छत्रीबाई म्हणायची. पन्नाशीच्या, शिडशिडीत, हातात नारिंगी रंगाची मिटलेली छत्री. ती उंच धरून त्या पुढे चालायच्या आणि आम्ही मागे. ऊन कितीही असो, छत्री उघडायच्या नाहीत. "उघडली की सगळे सावलीला माझ्याजवळ येतात," त्या म्हणाल्या, "मग मागे चालायचं कुणी?" खोल्या वाटण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. "तुम्ही घोरता का?" असं त्या कुणालाच विचारत नसत. "बरोबरचं माणूस घोरतं का?" एवढंच विचारायच्या. वन्संनी आणि मी एकाच वेळी एकमेकींकडे बोट दाखवलं. आम्हाला दोघींना एकत्र, कोपऱ्यातली खोली मिळाली.

बस चालवणारे त्यांचे यजमान. जाडजूड, मितभाषी, मिशीत हसणारे. छत्रीबाई तरुणपणी याच कंपनीच्या सहलीला मावशीबरोबर आल्या होत्या. सहल संपली तेव्हा मावशी उतरली, या उतरल्याच नाहीत, असं ड्रायव्हर सांगायचे. तेव्हापासून दोघं एकाच बसवर. शहरात भाड्याची एक खोली आहे, तिला बहुतेक कुलूपच असतं. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत ड्रायव्हरांनी एकही किल्ला आतून पाहिलेला नव्हता. सामानापाशी कुणीतरी हवं ना! मी विचारलं, "बघावासा नाही वाटत?" तर म्हणाले, "दगडच ना? बाहेरूनही दिसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर छत्रीबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. आवाज म्हणून जो निघत होता तो जुन्या कपाटाच्या दारासारखा होता.

"ताई, पुढच्या जागेवर तुम्ही आहात म्हणून तुम्हालाच सांगते," त्या म्हणाल्या. "मागच्या सहलीतल्या लोकांनी तक्रार केली, गाइडचं काही ऐकू येत नाही. मालक म्हणाले, शेवटच्या दिवशी मी स्वतः किल्ल्यावर येतो आणि ऐकतो. आवाज नसेल तर तुम्ही ऑफिसात बसा, बुकिंगला."

"मग बसा की. खुर्ची, पंखा. चढउतार नाही."

त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. ड्रायव्हर ओल्या फडक्यानं बसची काच पुसत होते. "ते असे महिनाभर बाहेर," त्या म्हणाल्या. "मी तिथे खुर्चीत. मग लग्न कशाला केलं?"

डॉक्टरांनी घशाला विश्रांती सांगितली होती. किल्ल्यात आणि महालात भोंगा लावायला मनाई. आता शेवटच्या दिवसापर्यंत तोंड मिटून राहिलं तरच त्या दिवसापुरता आवाज उरेल, असा त्यांचा हिशेब होता. पण तोवर लोकांना माहिती कोण सांगणार?

इथे शहाण्या बाईनं चहा प्यायला असता. मी मात्र म्हणाले, "मी सांगते."

आमच्या शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मला सलग तीन वर्षं मिळालं होतं, आणि त्यानंतर ते वापरायची संधी आयुष्यात कधी आली नव्हती. घरात मी बोलायला लागले की यजमान वर्तमानपत्र उघडायचे. आवाज पोटातून यावा, शब्दाचं शेपूट गिळू नये, नजर शेवटच्या बाकावर ठेवावी, हे सगळं इतकी वर्षं माझ्यात तसंच पडून होतं. छत्रीबाई माझ्या कानात एकेक वाक्य कुजबुजणार आणि मी ते मोठ्यानं म्हणणार, असं ठरलं. सगळ्या बसला विश्वासात घेतलं. मालकांपुढे कुणी अवाक्षर काढायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या सीटवरच्या निवृत्त नर्सबाईंनी तर छत्रीबाईंना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या लावून दिल्या.

"वहिनी, पोटातून बोल हं," वन्सं म्हणाल्या. "पोट आहेच."

सकाळचा छोटा किल्ला चांगला पार पडला. कानात "हा मुख्य दरवाजा" आलं की मी म्हणायची, "हा! मुख्य! दरवाजा!" दरवाज्यावरची कबुतरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच घात केला.

दुपारी मोठा राजवाडा. तिकिटांच्या खिडकीशी काहीतरी घोळ झाला आणि छत्रीबाई तिथेच अडकल्या. मला खुणेनं म्हणाल्या, पुढे व्हा. म्हणजे पुढे जाऊन थांबा. मी पुढे झाले, थांबले मात्र नाही.

आत एक लांबलचक दालन होतं. दोन्हीकडे कमानी, भिंतीत सुरेख खोलगट कोनाडे, खाली दगडी डोण्या. तिरपं ऊन आत येत होतं. माझ्यापुढे तीसेक माणसं माना वर करून उभी होती. माझ्या पोटात वाक्य तयार झालं, आणि ते बाहेर यायचं थांबेना.

"हा! राणीचा! महाल!"

पुढचं सगळं आपोआप सुचत गेलं. कोनाडे दागिन्यांचे. डोण्या अत्तराच्या पाण्याच्या, राण्या तिथे पाय बुडवून बसायच्या. भिंतीत लोखंडी कड्या होत्या, त्या झुल्याच्या.

"इतक्या खाली झुला?" वन्संनी विचारलं. "राणी होती का मांजर?"

"बालराजांचा पाळणा," मी क्षणात म्हणाले. मग राजा लढाईवर गेलेला, राणी इथे वाट पाहत उभी, आणि तिचे निःश्वास या भिंतींनी ऐकलेले, इथपर्यंत मी जाऊन पोचले. नर्सबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. एका आजोबांनी आपल्या बायकोचा हात धरला. तेवढ्यात दालनाच्या टोकाला नारिंगी छत्री दिसली. छत्रीबाई ती जोरजोरानं डावीउजवीकडे हलवत होत्या. त्या मला शाबासकी देताहेत असं वाटून माझा आवाज आणखी चढला, आणि राणीनं तिथेच प्राण सोडला.

बसमध्ये बसल्यावर छत्रीबाई माझ्या कानाशी वाकल्या. "ताई, ती पागा होती."

"म्हणजे?"

"घोडे बांधायची. ते कोनाडे म्हणजे गव्हाणी."

छत्री नको-नको म्हणत होती आणि मी तिला वा-वा समजले होते. "लगेच सांगू नका सगळ्यांना," मी गयावया केलं. "वन्सं जन्मभर सोडणार नाहीत." छत्रीबाईंचे खांदे हलत होते. आवाज नसलेलं हसू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "बरं," त्या ओठांनीच म्हणाल्या, "घरी जाताना सांगू."

उरलेल्या वाटेत मी फक्त कानात आलं तेवढंच बोलले. तरी जो तो विचारायचा, "ताई, इथे राणीचं काही?"

शेवटच्या दिवशी किल्ल्याच्या माथ्यावर मालक आले. पांढरा शर्ट, गळ्यात गॉगल, दम लागलेला. छत्रीबाई आदल्या रात्रीपासून मुक्या होत्या. आता त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला. मोठा नव्हे, जरा खरखरीत, पण आला. त्यांनी एकेक वाक्य सावकाश सांगितलं. आम्ही सगळे जवळ सरकलो, कुणी खोकलं नाही, एक पिशवी वाजली नाही. मी इतिहास ऐकलाच नाही, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज तुटतोय का एवढंच ऐकत होते. तुटला नाही. मालकांनी दोनदा मान हलवली. नर्सबाईंनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली.

मग सगळे कट्ट्यावर बसले. मालक खुशीत होते. आजोबांना म्हणाले, "काय काका, सगळ्यात काय आवडलं?"

"राणीचा महाल!" आजोबा म्हणाले. "मोठ्या राजवाड्यातला. ते अत्तराच्या पाण्याचे हौद, पाळण्याच्या कड्या... ही तर रडली."

मालकांच्या कपाळाला आठी पडली. ते स्वतः आधी वीस वर्षं गाइड होते, हे मला तेव्हा कळलं. "तिथे राणीचा महाल लोकांना दाखवतच नाहीत. तो बंद असतो. कड्या आहेत त्या पागेत. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

सगळी बस एकदम आभाळाकडे बघू लागली. वचन दिलं होतं, माणसं प्रामाणिक होती.

"मी सांगितलं," छत्रीबाई म्हणाल्या.

"तुम्ही? इतक्या वर्षांनी पागा ओळखता येत नाही?"

आता मी गप्प बसले तर त्या अडाणी ठरणार होत्या, आणि बोलले तर त्यांचा घसा उघडा पडणार होता. हे सगळं मला रात्री अंथरुणावर नीट सुचलं. त्या क्षणी मात्र मी ताडकन उभी राहिले आणि पोटातून म्हणाले, "घोड्यांना! राणी! मी! केलं!"

वन्सं म्हणाल्या, "अगं बाई!" आणि मग मी पहिल्या चहापासून मिठाच्या गुळण्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. सत्य बोलायचं म्हटलं की मला कुठे थांबावं ते कळत नाही. संपवलं तेव्हा छत्रीबाई खडूसारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

मालक हळूच म्हणाले, "म्हणजे आज जे ऐकलं, ते साठवून ठेवलेलं होतं. बाई, पुढच्या सहलीला काय करणार? ऑफिसच बरं."

"मग मलाही ऑफिसातच द्या," मागून आवाज आला. ड्रायव्हर उभे होते. हातात गरम पाण्याचा थर्मास, चढ चढून लालबुंद. सामानाला कुलूप घालून, पहिल्यांदाच किल्ल्यात आले होते.

"ऑफिसात काय चालवणार तुम्ही?" मालकांनी विचारलं.

"लिफ्ट."

लोक हसले. ड्रायव्हर हसले नाहीत. "रात्रीच्या रस्त्याला ही शेजारी बसून बोलते म्हणून मी जागा असतो," ते म्हणाले. "हळू बोलते, मला पुरतं. ही नसेल तर गाडी मी चालवणार नाही. झोपेत माणसं मारायची नाहीत मला."

मालकांनी गळ्यातला गॉगल शर्टाच्या टोकाला पुसला. मग म्हणाले, "असं करू. दोन महिने माहिती सांगायला दुसरा मुलगा पाठवतो. खोल्या, सामान, छत्री, सगळं यांच्याकडेच राहील. लोकांशी बोलायचं नाही. दोन महिन्यांनी डॉक्टर काय म्हणतील ते बघू. मी आत्ता काही कबूल करत नाही."

"आणि ह्यांना जागं ठेवायचं?" छत्रीबाईंनी खरखरत विचारलं.

"तेवढं हळू बोला."

मी लगेच म्हणाले, "दोन महिने मी येऊ का? बोलायला?"

"नको!" सगळी बस एका आवाजात म्हणाली. सगळ्यात मोठा आवाज छत्रीबाईंचा होता. नर्सबाई त्यांच्यावर ओरडल्या.

उतरताना ड्रायव्हर मागे रेंगाळले. बुरुजावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. छत्रीबाईंनी भुवया उंचावून विचारलं, कसा वाटला? "दगडच आहेत," ते म्हणाले, आणि थर्मासचं झाकण उघडून त्यांना पाणी दिलं.

घरापर्यंत वन्सं मला "राणीसरकार" म्हणत होत्या. आता आळीभर होईल. त्यांनी दारात बॅग ठेवली आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लेणी बघू. तिथे तरी घोडे नसतील." मी कुलूप काढलं, दिवा लावला, आणि पाय धुऊन डायरी घेऊन बसले.

१० फेब्रुवारी, शनिवार. परत आलो. पायांना सूज. छत्रीबाई बसवर राहिल्या, दोन महिन्यांपुरत्या. स्वयंपाकघरातला नळ टपकतो आहे, वायसर बदलायला हवा.