एकाच मापाची गाडी

आमच्या भावोजींनी जीव लावला तो एका जपानी गाडीला. ताई तिला सरळ सवत म्हणायची. दिवसभर कारखान्यात लेथवर उभं राहायचं आणि घरी आल्यावर चहासुद्धा गॅरेजमध्येच घ्यायचा, हा त्यांचा संसार. शर्यतीसाठी त्यांनी ती गाडी पार सोलून काढली होती. मागची सीट, शेजारची सीट, एसी, दारांची अस्तरं, सगळं बाहेर. आत उरला लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि त्यालाच वेल्डिंगनं पक्की केलेली एकुलती एक सीट. ती पुढेमागे सरकायच्या पट्ट्यासुद्धा वजन नको म्हणून त्यांनी काढून टाकल्या. मी तेव्हाच हटकलं होतं. "दुसरं कोण बसणार आहे?" म्हणाले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

मग मणक्यानं दगा दिला. शर्यतीचं नावही काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. एका सकाळी भावोजी म्हणाले, "विकू या. पण शर्यतीत पळवणाऱ्यालाच." गाड्या खोलून सुटे भाग विकणारा दोनदा आला, त्याला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. गाडी अख्खी राहावी, मैदानात धावावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

शेवटी एक मुलगी आली. शर्यती जिंकलेली, बोलायला मोजकी. इंजिन सुरू झालं तसा तिचा चेहरा खुलला. भावोजींचाही खुलला, आजारपणानंतर मी तो पहिल्यांदाच तसा पाहिला. मग ती आत बसली. सीट सहा फुटी भावोजींच्या मापाची, तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. पाठीमागे उशी घालून पाहिली, तर सीटबेल्टचे पट्टे नीट बसेनात.

"कापतो मी. दुपारपर्यंत पुढे घेऊन देतो," भावोजी म्हणाले.

"काका, पिंजऱ्याला हात लावला की शर्यतीआधीच्या तपासणीत गाडी बाद. तुम्हाला माहीत आहे ते," ती हळूच म्हणाली.

त्यांना माहीत होतं. ते ग्राइंडर हातात धरून तसेच उभे राहिले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

ती गेल्यावर त्यांनी मला सुटे भाग विकणाऱ्याला फोन लावायला सांगितलं. "म्हणावं, खोलून ने. कशी न्यायची तशी ने." आणि पायरीवर बसून पुटपुटले, "दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही बघ."

ताई तिथंच कपडे वाळत घालत होती. मला वाटलं, पीडा टळली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकेल. तिनं हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला.

"शेजारची सीट काढलीत तेव्हा मला एकदा विचारायचं," ती म्हणाली. "मी बसले असते."

माझ्या हातातला फोन लागला होता, पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.