गिझरची गोधडी

मंगळवारी सकाळी मावशी आल्या नाहीत. त्यांच्या सुनेने कुंपणाशी येऊन सांगितलं, "रात्री झोपेतच गेल्या." ते ऐकताच माझ्या मनात आलं, आता आईला आंघोळ कोण घालणार? रडू नंतर आलं. हा क्रम मला अजून पुसता येत नाही.

मावशी आमच्या शेजारच्या. मासळी असो, तापलेलं कपाळ असो, दुकानातलं लुगडं असो, त्या आधी हात लावून बघायच्या. कुणी काही सांगू लागलं की म्हणायच्या, "आधी हात लाव, मंग बोल." असं माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याच्यासमोर वाचलेलं सांगताना आपण जरा अडखळतो.

आईचं चालणं बंद झालं तेव्हापासून तिला आंघोळ घालायला मावशी येऊ लागल्या. मी शाळेत शिकवते. सकाळी घाई असते, असं मी सगळ्यांना सांगे.

आमच्या किनाऱ्यावर वारा सुटला की वीज जाते. म्हणून पहाटेच पाणी तापवून ठेवायचं. मावशींना तेवढ्याने धीर नव्हता. एकदा त्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून घेऊन आल्या, गिझरच्या मापाची, बंदांसकट.

"ही कशाला?"

"टाकीला. म्हातारा होडीवरून यायचा तवर भाताचं टोप मी गोधडीतच ठेवायची. उघडलं की वाफ! मंग ह्याला का न्हाय?"

मी समजावलं, "मावशी, याच्या आतच फोमचा थर आहे. टाकी जुनी असती, बाहेरून कोमट लागली असती, तर पांघरुणाचा उपयोग होता. नव्याला फारसा नाही. शिवाय खाली वायरी आहेत, त्यांच्यावर कापड नको."

"आधी हात लाव, मंग बोल."

मी स्टुलावर चढले. टाकी बाहेरून गार होती आणि नळाला कढत पाणी येत होतं. मी जिंकल्यासारखी खाली उतरले.

मावशींनीही चढून खात्री केली. "तुजं पुस्तक खरं गो बाय," म्हणून हसल्या. मग आईला आंघोळ घातली, पुसलं आणि त्या गोधडीत तिलाच गुंडाळलं. मी दारात उभी होते, शाळेची पिशवी घेऊन.

"टाकीचं तुला कललं. आता म्हातारी गार पडली का ते बघ. लाव हात."

मी आईच्या कपाळाला बोटं टेकवली.

"कपाल न्हाय, पाय बघ. आई हाय ती तुजी, इस्तव न्हाय."

मला आईचं सुकलेलं अंग बघवत नसे. शाळा हे निमित्त होतं, आणि मावशींना ते ठाऊक होतं. त्यांनी कुठे बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशीही वेळेवर आल्या. पुढे पुढे गुडघा धरून आमची पायरी चढायच्या. मी खिडकीतून बघायचे आणि त्यांना येऊ द्यायचे.

मावशींना नेल्यावर मी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मग आईला खुर्चीवर बसवलं.

"ती कुठाय?" आईने विचारलं.

"आज मी घालते."

आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. बऱ्याच वेळाने एक हात वर केला, काखेत पाणी घालण्यासाठी.

आता रोज मीच घालते. मावशींइतकं नीट जमत नाही. साबण डोळ्यांत जातो. आई डोळे मिटते आणि दुसरा हात वर करते.