यू-टर्नवरची मोरपंखी पट्टी

आधीच सांगून टाकतो... भूत, चकवा, भानामती असल्या प्रकारांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. खरं तर माझा सहसा कशावरच विश्वास नसतो. घरोघरी जाऊन वीज मीटर तपासणं ही माझी नोकरी. समोरचा "साहेब, आमच्याकडं दोनच बल्ब हायेत" म्हणाला की मी आधी त्याच्या गच्चीवर जातो. बायको म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी समईला वायर कुठून आली ते बघाल. तेव्हा खाली कमेंटमध्ये "मनाचे खेळ" असं लिहिणाऱ्यांनी थोडं थांबावं. मीही आधी तेच म्हटलं होतं.

मी अंबडला राहतो, जालना जिल्ह्यात. चाळिशीनंतर शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला लावलं, आणि चालता चालता मी कधी पळायला लागलो ते कळलं नाही. गावात सकाळी धावणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे. हा ग्रुप दर हिवाळ्यात दहा किलोमीटरची स्पर्धा घेतो. अंबडहून अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धं अंतर जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. मोठ्या शहरांतल्यासारखी बुटाला लावायची चिप आम्हाला परवडत नाही. वळायच्या जागी आमच्यातलाच एक जण उभा राहतो आणि प्रत्येकाला एक रबर बँड देतो. परत आल्यावर मनगटावरचा रबर दाखवला की मेडल.

आता विलासराव. हे माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, धाकट्या बहिणीचे, म्हणजे रेखाचे, यजमान. बदनापूरला त्यांचं खत-बियाण्याचं दुकान आहे. एक पोतं न्यायला आलेल्या माणसाला गोड बोलून दोन पोती न्यायला लावतात. मी पळतो म्हटल्यावर हेही पळायला लागले. सासरच्या लग्नकार्यात गेलं की कोण पुढे आलं याची चौकशी होते, आणि दरवेळी मीच पुढे असल्यामुळे ती चौकशी मला आवडते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जाऊन परत यायच्या रस्त्यावर एक गंमत असते. तुम्ही वळलात की तुमच्या मागचा प्रत्येक माणूस समोरून येताना दिसतो. मी वळलो तेव्हा विलासराव मागे होते, आणि ते समोरून आले की "या या, हळूहळू या" म्हणायचं मी ठरवून ठेवलं होतं. ग्रुपमधले सगळे भेटले. कुणी हात केला, कुणी शिवी दिली. विलासराव काही भेटले नाहीत.

मला वाटलं, पाय मुरगळला असेल, बसले असतील कुठेतरी. पण मी पोहोचून केळं खात होतो तोवर हे घामाघूम होऊन हजर, आणि मनगटावर रबर.

"कुठं होतात?" मी विचारलं.

"तुमच्या मागंच होतो की, भाऊ."

त्या वर्षी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस होता. माझ्या डोक्यात लगेच मीटर फिरायला लागला. माणूस उसात शिरला, मी परत जाईपर्यंत बसून राहिला, मग निघाला. रबराचं काय, वळणावर कुणी नावं लिहून घेत नाही, आणि दुकानाच्या गल्ल्यात मूठभर पडलेले असतात. झालं की सगळं.

हे मी फक्त सुनंदाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, तिने लाटणं खाली ठेवलं. "यातला एक शब्द रेखाच्या घरात जाता कामा नये," ती म्हणाली. "आई गेल्यापासून आम्हा दोघींना एकमेकींच्या घराशिवाय दुसरं माहेर नाही. तुमच्या पळापळीपायी ते बंद झालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही."

मी मान डोलावली. पण संशय ही अशी चीज आहे की गप्प बसलं की ती वाढते. रेखाने ते मेडल दुकानात काचेच्या कपाटात लावलं होतं. बदनापूरला गेलं की ते दिसायचं आणि माझा चहा कडू व्हायचा.

पुढच्या हिवाळ्यात माझा गुडघा दुखावला. पळायचा प्रश्नच नव्हता. मी ग्रुपला म्हटलं, वळायच्या जागी मी उभा राहतो. आणि रबर नको, कापडाची पट्टी बांधू, ओळखायला बरी पडते. सगळे हो म्हणाले, त्यांना माझ्या पोटातलं काय माहीत.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे सुनंदाची एक जुनी मोरपंखी साडी घेऊन मी तिच्या पट्ट्या फाडल्या. त्या पट्ट्या मी स्वतः मनगटावर बांधणार होतो, आणि माझ्या पद्धतीने. मीटरच्या सीलची तार पिळून पिळून मला एक सवय लागली आहे. दोन वेढे द्यायचे, टोक आत दाबायचं, आणि सोडताना एका ठरावीक जागी ओढायचं. नाहीतर ती गाठ आणखी आवळते. शिवाय मी एक वाक्य मनात ठरवलं होतं. फक्त विलासरावांच्या कानात सांगायचं, "ही गाठ मीच सोडीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका." ते आलेच तर गाठीची खात्री राहील, आणि नाही आले तर हे वाक्य त्यांना माहीतच नसणार, मग काय, हातात सापडलेच. हे वाक्य मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुनंदालाही नाही.

त्या वर्षी कारखाना लवकर सुरू झाला होता. वळणाजवळचा दोन्हीकडचा ऊस तुटून गेला होता. नुसती उघडी रानं, कुत्रं पळालं तरी दिसावं अशी. माझ्याबरोबर ग्रुपमधले दोघे पाण्याच्या बाटल्या घेऊन होते. एकेक जण आला, हात पुढे केला, मी गाठ मारली, तो गेला. शेवटी ग्रुपमधले सगळ्यात म्हातारे काका चालत चालत आले. विलासराव आले नाहीत. आम्ही आणखी थांबलो. लांबवर एक उसाची ट्रॉली सोडली तर रस्ता रिकामा होता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बरोबरच्या दोघांना मी दोनदा विचारून घेतलं, "विलासराव आले न्हाईत ना?" दोघेही म्हणाले, न्हाई.

मोटरसायकलवरून परत आलो तर विलासराव गळ्यात मेडल घालून फोटो काढून घेत होते. मनगटावर मोरपंखी पट्टी.

तिथे सगळ्यांदेखत तमाशा नको होता. म्हटलं, घरी चला, चहा घेऊ. रेखाही त्यांच्याबरोबर आली होती. सुनंदाने माझं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं असावं, कारण ती स्वयंपाकघरातून मला डोळ्यांनी नको नको म्हणत होती. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

"विलासराव, तुम्ही वळायच्या जागेपर्यंत आलाच नाहीत."

रेखाने कप खाली ठेवला. विलासराव आधी हसले, थट्टा वाटली असावी.

"तुम्हीच तर पट्टी बांधली की, भाऊ. विसरून राह्यले काय?"

"मी? कुठे उभा होतो मी?"

"रस्त्याच्या कडंला. एकटेच. दोन्हीकून ऊस, वारं बिलकुल न्हाई, मी तर उकडून निघाल्तो."

सापडला! चोर असाच जादा बोलून सापडतो. "ऊस तर कधीच तुटून गेला," मी म्हणालो. "आणि मी एकटा नव्हतो. दोघे होते माझ्याजवळ, विचारा त्यांना."

विलासराव गप्प झाले. खोटं पकडलं गेल्यावर माणूस गप्प होतो ते मी पुष्कळ बघितलंय. हे तसं नव्हतं. ते आठवून बघत होते. "ऊस होता," ते हळू म्हणाले. "डोक्याच्या वर होता."

"दाजी, तुम्ही ह्यांना चोर म्हणून राह्यले काय?" रेखाने पर्स जवळ ओढली. "सरळ सांगा. मंग आम्ही उठतो."

सुनंदा दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. मला त्या क्षणी थांबता आलं असतं.

पण विलासरावांनीच हात पुढे केला. "भाऊ, भांडण राहू द्या. ही आधी सोडा. सकाळपासून हात काचून राह्यलाय. रेखा सोडत होती, मी सोडू दिली न्हाई. तुम्हीच म्हणले ना, ही गाठ मीच सोडीन, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

हे वाक्य मी मनातच ठेवलं होतं, कुणाच्या कानात सांगितलंच नव्हतं.

मी गाठ बघितली. दोन वेढे, टोक आत दाबलेलं. ठरावीक जागी ओढली आणि ती सुटली. पट्टीच्या कडेला इस्त्रीचा जुना डाग होता, तोही आमच्याच साडीतला. मी हट्टाने विलासरावांना म्हटलं, आता एका हाताने स्वतःच्या मनगटावर अशी बांधून दाखवा. त्यांनी बिचाऱ्यांनी बराच वेळ खटपट केली. साधी गाठसुद्धा बसेना.

"माझंच चुकलं असेल," मी म्हणालो. "उन्हात लक्ष राहिलं नसेल." सुनंदाने तोंडावरचा पदर काढला आणि रेखाने पुन्हा चहा ठेवला. दोन्ही घरं वाचली. पण त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. विलासरावांची नाही. ऊस होता त्या ठिकाणी त्यांना जो भेटला, त्याची.

सगळ्या बाजूंनी तपासलं मी. पाणी देणारे दोघे त्यांना सामील होते का? त्यांची तर नुसती तोंडओळख. पट्टी माझ्या पिशवीतून गेली असेल? असेल. पण गाठ? आणि ते वाक्य? कुणी म्हणेल, तुम्हीच बांधली आणि विसरलात. मग त्या दोघांनाही विलासराव कसे दिसले नाहीत?

गुडघा बरा झाला. या हिवाळ्यात पुन्हा पळालो, पण विलासरावांना मुद्दाम पुढे ठेवून. आता सासरच्यांत चौकशी झाली की तेच मिशीत हसतात, हसू देत. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या रस्त्यावर ते माझ्या मागे राहायला नकोत.

तरी स्पर्धेनंतर एका सकाळी दोघेच त्याच रस्त्यावर पळताना चूक झाली. ते पाणी प्यायला थांबले आणि मी नादात पुढे निघून गेलो. लक्षात आल्यावर जागच्या जागी थांबलो. थोड्या वेळाने ते मागून धापा टाकत आले आणि माझ्याजवळ येऊन थबकले.

"तुम्ही इथं कसे?" ते म्हणाले. "तुम्ही तर तिकडं पुढं पळून राह्यले ना?"

बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पुढे रस्त्याकडे बघत होते, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ते मिळवायला तेव्हा फक्त मान वळवायची होती. एवढी वर्षं दुसऱ्यांची घरं तपासण्यात गेली माझी, पण ते एक बघायची मला हिंमत झाली नाही. मी विलासरावांचा हात धरला आणि त्यांना माघारी फिरवलं.